शेवट तेवढा बदलू नका

माझ्या कादंबरीवर सिनेमा निघणार आहे, ही बातमी आमच्या कॉलनीत सगळ्यात शेवटी मला कळली.

आधी ती समोरच्या गिताबाईंना कळली, कारण रविराज माझा पत्ता शोधत चुकून त्यांच्या दारात गेला. गिताबाईंनी त्याला बसवलं, पोहे खायला घातले, सिनेमात कोणाकोणाची कामं शिल्लक आहेत याची नीट चौकशी केली आणि मग त्याला घेऊन त्या माझ्याकडे आल्या.

"अनु, ह्यो शिक्रापूरचा रविराज. तुझ्या पुस्तकाचा पिच्चर काढतोय. त्यात आईचं काम मी करनार हाय. आमचं ठरलं."

मी फरशी पुसत होते. लेखकाच्या आयुष्यात असा क्षण एकदाच येतो म्हणतात, आणि तो आला तेव्हा माझ्या हातात ओलं फडकं होतं. पण मी शिरूरच्या एका शाळेत भूगोल शिकवते. तपासणीला साहेब अचानक वर्गात आले तर चेहरा कसा ठेवायचा, हे मला माहीत आहे. तोच चेहरा ठेवून मी म्हटलं, "बसा."

रविराज लग्नांचं शूटिंग करायचा. त्याच्याकडे स्वतःचा ड्रोन होता आणि त्या ड्रोनबद्दल तो घरातल्या कमावत्या मुलाबद्दल बोलावं तसं बोलायचा. माझी कादंबरी त्याला एका साखरपुड्यात मिळाली होती. त्याचं असं, की प्रकाशकाने परत पाठवलेल्या प्रती आमच्या दिवाणात पडून होत्या आणि माझा नवरा विक्रम कुठल्याही कार्याला निघाला की त्यातली एक रंगीत कागदात गुंडाळून सोबत घ्यायचा. याला तो साहित्याचा प्रसार म्हणायचा. दिवाणात गाद्यांना जागा होतेय, याचा आनंद मात्र त्याच्या तोंडावर लपत नसे.

कादंबरीचं नाव 'नदीला दिलेलं नाव'. अद्भुतरम्य कादंबरी आहे. इनामगावला नदीकाठी हजारो वर्षांपूर्वी माणसं राहत होती, मातीची भांडी रंगवत होती, हे मी मुलांना सहलीला नेऊन दरवर्षी सांगते. त्यातून ती सुचली. घोडनदी आटते, कारण ती स्वतःचं नाव विसरलेली असते. रुणी नावाची कुंभाराची पोर नदीच्या उगमाकडे निघते. वाटेत दगडाचे पहारेकरी, बोलणारं धुकं, तहानेचा राक्षस, सगळं आहे. शेवटी नदी तिला म्हणते, मला एक नाव दे, पण जे देशील ते तुझ्याकडे उरणार नाही. रुणी स्वतःचंच नाव देऊन टाकते. पाणी येतं. रुणी घरी परतते, तर तिला कुणीच ओळखत नाही. आईसुद्धा नाही. दारात परकी मुलगी बघून आई म्हणते, "दमलेली दिसतेस. बस, जेवून जा." रुणी बसते, जेवते. कादंबरी संपते.

हा शेवट मी कल्पनेतून काढलेला नाही. माझी आई, चांगुणाबाई, दौंडला माझ्या भावाकडे असते. काही वर्षांपासून तिला माणसं आठवत नाहीत. भाऊ म्हाळू रोज डोळ्यांसमोर असतो म्हणून तिने त्याला 'इथला एक चांगला माणूस' म्हणून ठेवून घेतलंय. मी गेले की ती मला 'बाई' म्हणते, अहोजाहो करते आणि जेवल्याशिवाय सोडत नाही. पहिल्यांदा असं झालं त्या दिवशी मी तिच्यासमोर बसून ताटातलं सगळं संपवलं आणि परतीच्या एसटीत खिडकीकडे तोंड करून रडले. नंतर तेच लिहिलं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. विक्रमला कळलं असावं, पण कळलेल्या गोष्टी तो बोलून दाखवत नाही.

म्हणून रविराजला मी एकच अट घातली. "राक्षसाला शिंगं लावा, रुणीला गाणी द्या, काय वाटेल ते करा. शेवट तेवढा बदलू नका."

"मॅडम, शेवटाला हात लावला तर माझा ड्रोन विहिरीत पडंल," रविराज म्हणाला. यापेक्षा मोठी शपथ त्याच्याकडे नव्हती.

तरी माझी धास्ती काही जाईना. मी मोबाइलवर शोधत बसायला लागले, की जगात अद्भुतरम्य कादंबऱ्यांचे सिनेमे होतात तेव्हा शेवटांचं काय होतं. जे वाचलं त्याने धास्ती आणखी वाढली. पुस्तकात नायक दमून, थोडासा हरून घरी येतो. सिनेमात किल्ला कोसळतो. पुस्तकात राजकन्या सिंहासन नको म्हणून चालू लागते; सिनेमात तिच्यावर फुलं पडतात. मेलेली माणसं तर हटकून उठतात, कारण पुढचा भाग काढायचा असतो.

विक्रम सणसवाडीच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, ड्रॉइंगप्रमाणे पार्ट कधीच येत नाही. थोडा टॉलरन्स ठेवायचा असतो."

"शेवटाला टॉलरन्स नसतो," मी म्हटलं.

"सगळे आधी असंच म्हणतात," तो म्हणाला आणि वर्तमानपत्रात शिरला.

निर्माते होते भिमाजी आबा. शिक्रापूरला हायवेलगत जमीन, कामगारांना भाड्याने दिलेल्या खोल्या, सोसायटीचं चेअरमनपद आणि शर्यतीचा एक बैल, असं त्यांचं वैभव. त्यात बैल सगळ्यात वर. बाहेर ट्रक एकामागून एक हॉर्न देत होते आणि ओसरीवर रविराजने त्यांना गोष्ट ऐकवली. आबांनी डोळे मिटून ऐकली. मला वाटलं, झोपले. तेवढ्यात ते म्हणाले,

"गोष्ट एक नंबर हाय, मॅडम. पर पिच्चरच्या शेवटाला मानूस खुर्चीतनं उठला पायजे. तुमच्यात शेवटाला मानूस जेवाय बसतंय."

"त्यात भाव आहे, आबा."

"आसंल. पर जेवान तर लोक घरी बी करत्यात." मग ते पुढे सरकले. "मी काय म्हंतो, शेवटाला आपला पाखऱ्या येऊ द्या. त्या राक्षसाला शिंगावर घेऊ द्या."

"पाखऱ्या कोण?"

आबांनी अंगणाकडे बोट केलं. तिथे पांढराशुभ्र बैल उभा होता आणि तो माझ्याकडेच बघत होता.

त्या काळी बैल नव्हते, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. होते. मीच मुलांना तसं शिकवते. बऱ्याच ओढाताणीनंतर तडजोड झाली, की पाणी येतं त्या प्रसंगात पाखऱ्या नदीच्या पात्रात नुसता उभा राहील. राक्षसाशी त्याचा काही संबंध येणार नाही. आबा म्हणाले, "उभा ऱ्हायला तरी तो लोकांना दिसनारच." त्यांना माझी दया आलेली दिसली.

मग कॉलनीने शेवट हातात घेतला. कॉलनीच्या ग्रुपवर एरवी पाणी कधी येणार एवढंच विचारतात. तिथे आता रुणीचं काय करायचं याची चर्चा सुरू झाली. गिताबाईंचं मत, तिचं लग्न लावावं, "येवढी वनवन फिरली पोर, तिला काय सुख नको व्हय?" आमच्या मुख्याध्यापकांना शेवटी पाणीबचतीचा संदेश हवा होता. गेटवरचा वॉचमन मला थांबवून म्हणाला, "मॅडम, एंड में नागिन होनी चाहिए." मी गाडीवरून उतरून त्याला नागीण का नको हे समजावून सांगितलं आणि शाळेत उशिरा पोचले.

एकटी निखत माझ्या बाजूची होती. ती शिरूरचीच, सणसवाडीला पॅकिंग लाइनवर काम करायची आणि कॉलेजच्या नाटकांत बक्षिसं मिळवलेली. रुणी तीच करणार होती. साऱ्या युनिटमध्ये पुस्तक शेवटपर्यंत वाचलेली तीच. "मॅडम, ते शेवटचं पान वाचताना माझी चपाती करपली," ती म्हणाली. माझ्या लेखनाचा इतका सुंदर गौरव आजवर कुणी केला नव्हता.

आता नदीत शूटिंग करायचं तर परवानगी हवी. ती एका सरकारी कार्यालयातून मिळते. त्याचं नाव मी सांगणार नाही, मला अजून नोकरी करायची आहे. तिथल्या साहेबांनी कथेचा सारांश मागितला, वाचला आणि चष्मा कपाळावर नेला.

"नदी बोलते असं लिहिलंय. काय बोलते?"

"नाव मागते."

"कुणाकडं?"

"रुणीकडे. म्हणजे त्या मुलीकडे."

"आन् ती देते?"

"हो."

"म्हंजी शेवटाला नदीचं नाव बदलतं." साहेबांनी कागद माझ्याकडे सरकवला. "नामांतराचा विषय आमच्याकडं येत न्हाई, मॅडम. त्याला वेगळा प्रस्ताव लागतो. वर जाईल, मग खाली येईल."

मी त्यांना सांगून पाहिलं, की ही कल्पना आहे, हजारो वर्षांपूर्वीची आहे, नदी मनातल्या मनात बोलते. ते म्हणाले, मनातलं असेल तर लेखी द्या. शेवटी त्यांनी सांगितलं तसं मी लिहून दिलं: 'चित्रपटाच्या अखेरीस नदीचे नाव आहे तेच राहील, याची मी हमी देते.' खाली सही केली. बाहेर आले आणि पायऱ्यांवर माझ्या लक्षात आलं, की शेवटाला पहिला हात मीच लावला. वर साहेब आतून ओरडून म्हणाले, "आन् वरच्या धरणाचं पाणी कवा सुटंल ते आम्हाला इचारू नका!"

ते विचारायला हवं होतं.

शूटिंग इनामगावच्या खालच्या अंगाला होतं. पात्र कोरडं ठणठणीत. मधोमध निखत कुंभारणीच्या वेषात, शेजारी पाखऱ्या, झूल न घालता, कारण झूल त्या काळी नव्हती आणि आबा त्यावर दोन दिवस रुसले होते. जनरेटर वाळूतच ठेवला होता. नाव देण्याचा प्रसंग निखतने असा केला, की ट्रॅक्टरवरून जाणारी माणसंसुद्धा थांबली. पाणी नंतर कॉम्प्युटरवर घालायचं ठरलं होतं. रविराज म्हणाला, "कट! च्या घ्या सगळ्यांनी."

सगळे काठावर चहाला आले, आणि पाणी आलं. खरंखुरं. वरून सोडलेलं, आधी वळवळत, मग पसरत, मग सरळ अंगावर. माझ्या कादंबरीतला अतिशय महत्त्वाचा चमत्कार डोळ्यांदेखत घडत होता आणि कॅमेऱ्यावर झाकण होतं. "अरे, चालू कर!" मी ओरडले. रविराजने घाईत ड्रोन उडवला, पण खाली आबा धोतर वर धरून "पाखऱ्या! पाखऱ्या!" करत धावत सुटले होते आणि ड्रोन नेमका त्यांच्याच मागे लागला. पाखऱ्या गुडघाभर पाण्यात शांतपणे पाणी पीत होता. त्याला ओढायला गेलेले सगळे पडले, तो हलला नाही. जनरेटर दोनदा खोकला आणि गप्प झाला. इतिहासाशी प्रामाणिक राहून मी स्वतः रंगवलेली मडकी एकेक करत भीमेच्या दिशेने निघाली, त्यांच्यामागून माझ्या चपला.

या सगळ्यात उन्हं कलली आणि शेवटचा प्रसंग राहिला. रुणी घरी येते तो. झोपडी काठावर होती म्हणून वाचली होती. गिताबाई लुगडं नेसून दारात उभ्या राहिल्या. निखत समोरून आली, थांबली. गिताबाईंनी तिच्याकडे परक्यासारखं बघायचं होतं. गिताबाईंनी बघितलं, त्यांचा चेहरा गोळा झाला आणि "माझी बाय गं!" करून त्यांनी निखतला मिठी मारली.

"कट! गिताबाई, तुम्ही तिला ओळखत नाही."

"व्हय व्हय, इसारले."

पुन्हा घेतलं. पुन्हा मिठी. म्हणून मग गिताबाईंना निखतकडे न बघता मागच्या बाभळीकडे बघायला सांगितलं. त्यांनी बाभळीला मिठी मारली नाही एवढंच. हुंदका आलाच.

"रविराज, मला न्हाई जमत," त्या पदराने नाक पुसत म्हणाल्या. "पोर दारात उभी हाय, त्वांड उतरलंय तिचं, आन् मी 'कोन गं तू' म्हनू व्हय?"

"पुस्तकात तसंच आहे, गिताबाई," मी म्हटलं.

"पुस्तकातली आई शिकलेली आसंल."

"खऱ्या आयासुद्धा विसरतात!"

हे मी फार मोठ्याने बोलले. गिताबाईंनी माझ्याकडे बघितलं. "कुनाची आई गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"कुणाचीही," मी म्हटलं आणि चपला शोधायला वळले. त्या गेल्या आहेत हे मला माहीत होतं.

मागून रविराजचा आवाज आला, "उजेड चाललाय. गिताबाई, तुम्हाला येतंय तसं करा. रोलिंग!"

मी परत आले तेव्हा झालं होतं. गिताबाई आणि निखत एकमेकींना धरून रडत होत्या, आबा रडत होते, जनरेटरवाला रडत होता, त्याचं कारण वेगळं होतं. मी रविराजला ड्रोनच्या शपथेची आठवण करून दिली. तो खाली बघत म्हणाला, "मॅडम, पुस्तक मानूस एकटा वाचतो. त्याला दुःख झालं तर तो पुस्तक मिटून गप बसतो. पिच्चर शंभर मानसं एका जागी बघत्यात. त्यांना कुनीतरी घरी सोडाय नको का?"

मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी रागावले. त्या दिवसापासून मी रविराजशी बोलणं सोडलं. त्याला लांबलचक मेसेज मात्र पाठवत राहिले. त्यांना निळ्या खुणा यायच्या, उत्तर यायचं नाही. निखत शेवटी भेटायला आली आणि म्हणाली, "मी बोलले होते त्यांना, मॅडम. पण त्या मिठीत मला अभिनय करावाच लागला नाही." मग पोस्टर आलं. वर पाखऱ्या. त्याच्याखाली भिमाजी आबा. खाली कोपऱ्यात, क्यूआर कोडच्या शेजारी, 'मूळ कल्पना: अनुपमा मॅडम'. विक्रमने भिंग आणून माझं नाव वाचलं आणि छान आलंय म्हणाला.

पहिला खेळ शिरूरला व्हायचा होता, पण लग्नसराईत एकही कार्यालय रिकामं नव्हतं. आबांच्या मेव्हण्याचं दौंडला मंगल कार्यालय आहे, तिथे दुपारचा खेळ ठरला. हे कळताच म्हाळूचा फोन आला, "ताई, मी आईला घेऊन येतो. तिला जरा बाहेर पडल्यासारखं हुईल."

"नको रे. गर्दीत ती घाबरते."

"मी हाय की. तुझा पिच्चर हाय, तिनं बघाय नको?"

न्हावऱ्यापासून चौफुल्यापर्यंत मी विक्रमच्या गाडीवर मागे बसून मनाशी भाषण घोकत होते. सिनेमा संपला की माइक हातात घ्यायचा आणि शांतपणे, कुणाचाही अपमान न करता, सगळ्यांचा अपमान करायचा. 'हा शेवट माझा नाही' हे पहिलं वाक्य. विक्रमला म्हणून दाखवलं. तो म्हणाला, "ब्रेकर आहे, घट्ट धर."

आई पुढून दुसऱ्या रांगेत होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. "या बाई, बसा," ती म्हणाली आणि पदर सावरून मला जागा केली.

सिनेमा सुरू झाला. राक्षसाला शिंगं होती. पाणी कॉम्प्युटरचं होतं आणि ताडपत्री ओढल्यासारखं आलं. ड्रोनने टिपलेले आबा 'भयभीत गावकरी' म्हणून धावत गेले, त्याला शिट्ट्या पडल्या. मी हे काही धड बघत नव्हते. माझं लक्ष आईकडे होतं, ती उठते की काय, ओरडते की काय. ती पडद्याकडे टक लावून होती. रुणीने नाव दिलं तेव्हा ती मान हलवत पुटपुटली, "देऊ नगं गं, देऊ नगं."

मग रुणी घराकडे निघाली. आईने माझं मनगट धरलं.

"वळखल का वो ती, बाई?"

मला पुढचं माहीत होतं. तरी मीही पडद्याकडे वळले. पडद्यावर दारात गिताबाई आल्या. क्षणभर त्या नुसत्या बघत राहिल्या. मी काठावरून निघून गेले होते तेव्हा त्यांना तेवढं जमलं होतं. आणि मग तो हंबरडा.

"वळखलं!" आई मोठ्याने म्हणाली. लोकांनी मागे वळून बघितलं. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. इतक्या वर्षांत मी तिला तसं हसताना बघितलं नव्हतं. "वळखलं बगा बाई! नाव न्हाई ऱ्हायलं तरी वळखलं तिनं!"

मी मान हलवली.

तिने स्वतःच्या पदराने माझे डोळे पुसले. "तुमी कशापायी रडताय? तुमची आई कुठं असती?"

"इथंच असते. दौंडला."

"मग जात जावा की भेटाय. वाट बगत आसंल."

"जाते," मी म्हटलं.

दिवे लागले. रविराज माइक घेऊन उभा होता आणि माझ्याकडे बघण्याचं त्याचं धाडस होत नव्हतं. "आता लेखिका मॅडम शेवटाबद्दल दोन शब्द बोलतील," असं तो कसाबसा म्हणाला. मी व्यासपीठावर गेले. भाषणाचं पहिलं वाक्य जिभेवर होतं. समोर गिताबाई नाक पुसत होत्या आणि दुसऱ्या रांगेत आई म्हाळूला परत सगळं सांगत होती, हातवारे करून.

"आवाज जरा मोठा होता," मी म्हटलं. "बाकी ठीक."

टाळ्या पडल्या. रविराज इतका सुटल्यासारखा हसला, की मला त्याच्यावर रागावता आलं नाही.

पुस्तकातला शेवट मी बदललेला नाही. बदलणारही नाही; तो माझा आहे आणि खरा आहे. पण सिनेमाचा शेवट रविराजकडून मोबाइलवर मागून घेतलाय. आता दौंडला गेले की जेवणं झाल्यावर आई आणि मी खाटेवर बसून तो लावतो. तिने तो कधीच पाहिलेला नसतो. रुणी घराकडे निघाली की ती माझं मनगट धरते आणि विचारते, "वळखल का वो ती, बाई?"

"बघू या," मी म्हणते. आणि खरं सांगते, दर वेळी मलाही धाकधूक होते.